न घेतलेलं माप

६ ऑक्टोबर

नवी नोकरी, म्हणून नवी वही. जुनीत निम्मी पानं रडगाण्यांची होती, ती ट्रंकेत तळाशी गेली. आईला फोनवर ऑफिसचं वर्णन सांगितलं तर म्हणाली, एवढं शिकून दुकानात बसतेस होय? खरंच दुकान आहे ते. पूर्वी तिथे सायकली दुरुस्त व्हायच्या. फरशीवर ग्रीसचे डाग अजून आहेत, आणि छताला टायर टांगायचे हुक होते त्यांना आता दिवे लटकतात. मला तर बघताक्षणीच आवडलं.

मालक दोन, सख्खे बहीणभाऊ. ताई मोठ्या, दादा दोन वर्षांनी धाकटे. तीन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून हे सुरू केलं. इमारत दादांची, आतली सजावट ताईंची, आणि मधली भिंत कोणाची यावरून दिवसातून एकदा भांडण. भांडण सोडवतात ते मिस्त्री. मिस्त्री म्हणजे सुतार, पण या दोघांकडे एकही काम नव्हतं तेव्हापासून ते इथे आहेत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे.

इथली एक रीत आहे. आल्या आल्या ताईंनी मला दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि माझी अकरा मापं घेतली: उंची, डोळा, खांदा, कोपर, हात वर कुठवर पोचतो, बसल्यावर गुडघा कुठे येतो, असं सगळं. भिंतीवर पेन्सिलने खूण केली, तारीख घातली. दुसऱ्याला मोजायचं तर आधी स्वतःला मोजून घ्यायचं, हा नियम. ताई म्हणाल्या, बाजारातलं सगळं सामान सरासरी माणसासाठी बनवतात, आणि तो सरासरी माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून ही मंडळी घरातल्या प्रत्येकाला मोजतात आणि मगच ओटा, कपाट, कडी, काय ते ठरवतात. माझी उंची एकशे एकाहत्तर निघाली. मिस्त्रींनी वर बघून मला शिडी नाव ठेवलं. आता माळ्यावरचं काढायला त्यांना चढावं लागणार नाही म्हणे.

९ ऑक्टोबर

पहिलं काम मिळालं. एका कुटुंबाचा फ्लॅट: नवरा, बायको, चार वर्षांची मुलगी, आणि नवऱ्याची आत्या. आत्या अविवाहित, जन्मभर शिवणकाम करून या पुतण्याला वाढवलेलं. त्यांची मागची खोली आणि तिला लागून असलेली न्हाणी नव्याने करायची आहे. मुलीने दोनदा आत जाऊन स्वतःला कोंडून घेतलं, त्यामुळे न्हाणीची कडी उंच हवी, पण आत्यांच्या हाताला आली पाहिजे, एवढीच त्यांची अट. ताईंनी मोजायचं काम माझ्यावर सोपवलं. एकटीवर! खांद्यावर टेपची पिशवी अडकवून निघाले तेव्हा मी मनातल्या मनात आख्खं शहर बांधत होते.

१२ ऑक्टोबर

आज मापं घेतली. नवऱ्याची घेतली, बायकोची घेतली. मुलगी काही केल्या सरळ उभी राहीना, तिला भिंतीवर स्वतःचं नाव लिहायची लाच द्यावी लागली. खोल्या झाल्या, खिडक्या झाल्या. शेवटी आत्यांची खोली.

त्या तयार बसल्या होत्या. केस विंचरलेले, धुतलेला कपडा, पलंगाच्या कडेला अगदी पुढे सरकून, फोटो काढायचा असल्यासारख्या. पाठीला पोक आणि उजवा खांदा बराच खाली. खोलीत मलमाचा उग्र वास होता आणि त्याखाली आणखी एक, म्हाताऱ्या अंगाचा. त्यांना धरून उठवावं लागणार होतं, काखेत हात घालून. मला नको वाटलं. खरं तेच लिहायचं तर किळस आली. दोन मिनिटांत येते म्हणाले, बाहेर आले, घड्याळ बघितलं, बस दिसली, आणि पळाले.

एक माप राहिलं म्हणून कोणाचं काय बिघडतं? उद्या परवा पुन्हा जाईन.

१३ ऑक्टोबर

जायला जमलं नाही. ताईंनी दुपारीच तक्ता मागितला. आत्यांची ओळ कोरी होती. मी ऑफिसच्या भिंतीला लागून उभी राहिले, स्वतःचे आकडे समोर धरले, आणि म्हातारं माणूस म्हणून उंचीतून वीतभर वजा केलं, बाकी ठिकाणी अंदाजाने. हात वर पोचतो, एकशे ब्याऐंशी. फारच नेटकी ओळ झाली. ताईंनी पाठ थोपटली, म्हणाल्या, इतके चोख आकडे पहिल्याच खेपेला कोणी आणले नव्हते.

१४ नोव्हेंबर

महिनाभर लिहायला सवड मिळाली नाही. आज घर सोपवलं. कडीचा आकडा माझ्याच नकाशात होता, जमिनीपासून एकशे साठ, आत्यांचा हात पोचतो त्याच्या वीतभर खाली. मिस्त्रींनी जशीच्या तशी बसवली. नवराबायको दोघंही उंच, दोघांनी लावून बघितली, वाहवा केली. आत्या काम चालू असेपर्यंत नात्यात कुठेतरी राहायला होत्या, त्या उद्या येणार. ताई-दादांनी आज चक्क भांडण न करता चहा घेतला. मिस्त्री म्हणाले, लिहून ठेवा, पुन्हा व्हायचं नाही. म्हणून लिहून ठेवलं.

२० नोव्हेंबर

आत्या पडल्या.

कडी लावल्याशिवाय त्या न्हाणीत जात नाहीत, आयुष्यभराची सवय. हात पोचेना, तर आल्यापासून चार-पाच दिवस स्टुलावर चढून लावत होत्या, घरात कोणाला कळू न देता. आज काढताना स्टूल सरकलं. खुब्याचं हाड मोडलं. बिजागऱ्यांकडून दार उचकटून बाहेर काढावं लागलं.

दादांनी सगळ्यांना बसवून विचारलं, कडी एवढी वर कशी? मग माझ्याकडे वळून, तू स्वतः मोजलं होतंस ना? हो म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. माझं तोंड माझ्याआधीच खोटं बोलून मोकळं झालं होतं.

२१ नोव्हेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसला गेले. मिस्त्री रोज सगळ्यात पहिले येतात, त्यांच्याही आधी. कॉम्प्युटरवर तक्ता उघडला, नकाशा उघडला. एकशे ब्याऐंशीचे एकशे पन्नास केले. एकशे साठचे एकशे तीस. आठ-दहा कळा दाबल्या आणि झालं. हाताने भरलेला मूळ कागद फाडून पिशवीत घातला आणि घरी जाऊन पुन्हा फाडला.

मिस्त्रींकडची प्रत पॉलिश सांडून खराब झाली होती, ती त्यांनी काम संपल्यावर कचऱ्यात टाकली, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी हे केलं, ते इथे तरी लिहिलंच पाहिजे.

२२ नोव्हेंबर

दादांनी फाईल उघडून दाखवली. एकशे तीस. मिस्त्री पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, मी कागदावर होतं तेच बसवलं. आवाज चढवला नाही. ताईंना सगळे आकडे थोडेच पाठ असतात, त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. आमच्याकडे कागद खोटं बोलत नाही असंच धरून चालतात, आणि इतके दिवस ते खरंही होतं.

मिस्त्रींना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. मिस्त्रींनी हत्यारं गुंडाळली, वाकस, रंधा, पटाशा, एकेक पुसून. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, शिडी, माळ्यावरचं काढून द्यायला आता तुलाच दोघांना मदत करावी लागेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बोलले नाही. आईने साऱ्या नातेवाइकांना सांगितलंय, आमची मुलगी घरं बांधते.

२४ नोव्हेंबर

आत्यांना भेटायला दवाखान्यात गेले. ताईंनी फुलं घेऊन पाठवलं, नाहीतर गेले नसते. चोराच्या मनात चांदणं. वाटभर वाटत होतं, त्यांनी एव्हाना सांगितलं असणार.

त्यांनी मला ओळखलं. सून औषध आणायला बाहेर गेली, तेव्हा माझा हात हातात घेतला. त्यांची बोटं सुया टोचून टोचून खरखरीत झालेली.

“मी कुणाला काही बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “नवी आहेस, घाईत होतीस. मी जन्मात कधी अंदाजाने कपडा बेतला नाही बघ, म्हणून मनाला लागलं एवढंच. माझं माप राहिलंय गं तेवढं. घे कधीतरी.”

घेईन म्हणाले. त्या रागावल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

२५ नोव्हेंबर

सकाळी कुडत्याच्या बाह्या लांब वाटल्या. बोटांच्या मधल्या पेरापर्यंत आल्या. धुतल्यावर कपडा आटतो, वाढत नाही. बसमध्ये वरची दांडी धरायला गेले तर टाचा उचलाव्या लागल्या. बसच वेगळी असेल.

२७ नोव्हेंबर

ऑफिसच्या भिंतीवरच्या खुणेला पाठ लावून उभी राहिले. खूण माझ्या डोक्याच्या तीन बोटं वर होती. मी तीनदा बघितलं. ताई म्हणाल्या, अशी वाकून का उभी राहतेस? मी वाकलेली नव्हते.

२८ नोव्हेंबर

आत्या गेल्या. आधीच अंथरूण, त्यात छातीत कफ धरला. पहाटे पुतण्याचा दादांना फोन आला.

ऐकल्यावर मला सगळ्यात आधी जे वाटलं ते लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? मला हायसं वाटलं. आता कोणालाच माहीत नाही, असं मनात आलं आणि छातीवरचा दगड उतरला. मग रडले. ताईंनी मला जवळ घेतलं, म्हणाल्या, किती हळवी आहेस. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. महिन्यापूर्वी मला त्यासाठी वाकावं लागलं असतं.

२९ नोव्हेंबर

कोणीतरी मला मोजतंय.

लोखंडी टेप नाही, तिचा आवाज येतो. कापडी, शिंप्याची. भर दुपारी टेबलाशी बसले असताना मानेच्या मणक्यावर गार टोक टेकलं, आणि दोन बोटांनी ते दाबून धरलं. मग पट्टी खांद्यावरून कोपरापर्यंत सरकत गेली. सावकाश. समोर ताई फोनवर फरशीचे रंग ठरवत होत्या. मी श्वास रोखून बसले. बोटं खरखरीत होती.

घरी येऊन स्वतःला मोजलं. एकशे छप्पन्न.

१ डिसेंबर

एकशे एकावन्न. म्हणजे वीतभर पुरती गेली. मी तक्त्यात लिहिलं होतं तेवढीच उरले. वाटलं, फिटलं असेल आता, इथे थांबेल.

उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस बांधता आले नाहीत. ताईंनी विचारलं तर मान अवघडली म्हणून सांगितलं. दादा म्हणाले, सुट्टी घे, गावाला जा. दोघांचा जीव आहे माझ्यावर. ते जास्त वाईट.

२ डिसेंबर

थांबलं नाही. माझ्या अंदाजाशी त्याला काही देणंघेणं नाही, ते खऱ्या मापापर्यंत जाणार. आज कोपर, मनगट, बसल्यावरचा गुडघा. एकेक, नीट, दोनदा ताडून बघत. कोरी ठेवलेली ओळ भरली जातेय, माझ्या अंगावर.

पाठीला पोक आलंय. अंगाला वास येतो. मलमाचा. मी मलम लावलेलं नाही.

आज ताईंना सांगायचंच असं ठरवून गेले. समोर उभी राहिले. त्यांनी मान खाली करून माझ्याकडे बघितलं, आणि मी सुट्टी मागितली.

३ डिसेंबर

मिस्त्री ऑफिसला आले होते. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, मला काम परत नको, पण एक बघा. कुठलीही कडी बसवायच्या आधी कागदावरचा आकडा ते कडीच्या पट्टीखाली लाकडावर पेन्सिलने लिहितात. तीस वर्षांची सवय. उद्या दोघांनी त्या घरी यावं, पट्टी उघडावी. आकडा एकशे तीस निघाला तर ते पुन्हा रंध्याला हात लावणार नाहीत.

दादा लगेच हो म्हणाले. ताईंचा चेहरा उजळला, त्यांना मनातून हेच हवं असणार. मी कोपऱ्यात कपाटाआड होते. कोणाला दिसलेही नाही.

त्या घराच्या दोन किल्ल्या अजून ऑफिसातच आहेत, उचकटलेलं दार परत बसवलं तरी किरकोळ कामं राहिलीत म्हणून. घरची मंडळी बायकोच्या माहेरी गेलीत.

सांगायची ही चांगली वेळ होती. मी त्यातली एक किल्ली उचलली.

४ डिसेंबर, सकाळी

आत्यांच्या न्हाणीत बसून लिहितेय. फरशीवर.

नऊला आले. ते अकराला येणार. पेचकस आणलाय, पॉलिश पेपर आणलाय. दार लोटून घेतलं, डाव्या हाताने, टाचा उंचावून, जीव खाऊन कडी लावली. का लावली? कोणी मध्येच आलं तर मला हे करताना बघेल म्हणून.

पट्टीचे वरचे दोन स्क्रू काढले. पट्टी कलली. लाकडावर आकडा आहे. १६०. खाली बारीक अक्षरात — आत्यांसाठी. मिस्त्रींचं अक्षर.

घासायला हात उचलला आणि टेप मानेला लागली. कापडी. आता डावा खांदाही. वर जात नाही. छातीपर्यंत येतो आणि —

साडेदहा

हात पोचत नाही. कडी वर आहे. स्टूल नाही, त्या दिवशीच ते काढून टाकलं असणार. बादली नाही. उडी मारून बघितली. गुडघे —

आकडा दिसतोय. पुसताही येत नाही.

त्या माझ्या मागे उभ्या आहेत. रागावलेल्या नाहीत. शिकवल्यासारखं धरतात, हनुवटी वर, पाठ जमेल तितकी सरळ —

अकरा

आले. तिघंही. ताई दार ढकलतायत. दादा म्हणतात, आतून लावलंय.

मिस्त्रींनी बोटाने हळूच टकटक केलं. म्हणाले, “आत कोण आहे? घाबरू नका. आम्ही आहोत इथे.”

कोण ते माहीत नसताना. इतक्या मायेने.

नुसता आवाज द्यायचा आहे. पण मग पेचकस. पॉलिश पेपर. मी इथे का, हे —

आता उंची घेतायत. टाळूवर तळहात टेकलाय —

एकशे एकोणचाळीस —

दादा म्हणतात दार तोडू. मिस्त्री नको म्हणतात, आत माणूस दाराला टेकून असेल, लागेल त्याला. पुन्हा विचारतायत. नाव सांगा म्हणतात.

सांगते. सगळं सांगते. आधी ही पानं फाडून —